पाच डॉलरचं चित्र

मुलांनो, एक कल्पना करा. तुमच्या शाळेच्या कपाटात पिकासोचं एक चित्र आहे. छापील पुस्तकातलं नव्हे, अगदी अस्सल! आणि एके दिवशी मुख्याध्यापक बाई सांगतात, "ज्याला हवं त्यानं हे चित्र घरी न्यावं. आपल्या खोलीत टांगावं. सहामाही संपली की परत आणून द्यावं."

बसेल विश्वास? तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! अशी चित्रं काचेमागे असतात. जवळ गेलं तरी पहारेकरी डोळे वटारतो.

माझाही विश्वास बसला नव्हता. पण २०१८ सालच्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतल्या एका छोट्याशा गावात मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्या गावाची ही गोष्ट.

गावाचं नाव ओबर्लिन. अमेरिकेच्या नकाशात वरच्या बाजूला पाच मोठी सरोवरं दिसतात ना, त्यातल्या ईरी सरोवराच्या काठी ओहायो राज्य आहे. तिथल्या क्लीव्हलंड शहरात माझी धाकटी बहीण राहते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, ओबर्लिनच्या कॉलेजात शिकत होती. "मावशी, तू आलीस आणि माझं कॉलेज न बघता गेलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही," असा तिचा फोनवर दम होता. मग जाणं भागच होतं!

पण निघताना माझं मन काही ठीक नव्हतं. माझा मुलगा त्या वर्षी दहावीत होता. सहावीपासून तो तबला शिकत होता. गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा प्रथमची परीक्षाही दिली होती. पण दहावीचं वर्ष म्हटलं की घरोघरी काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. जून महिन्यात मीच त्याचा क्लास बंद केला. "एक वर्षाचा तर प्रश्न आहे," असं म्हणाले. तो काही बोलला नाही. त्यानं तबला-डग्गा गवसणीत घातला, स्टूल घेतलं आणि माळ्यावर ठेवून दिला. भांडला असता तर बरं वाटलं असतं. त्याचं ते गप्प बसणं मी बरोबर घेऊन विमानात बसले होते.

क्लीव्हलंडहून नैर्ऋत्येला मोटारीनं निघालं की पाऊण तासात ओबर्लिन येतं. दोन्ही बाजूंना सपाट शेतं. मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. आणि एकदम एक हिरवंगार मैदान लागतं. तेरा एकरांचं हे मैदान म्हणजे टॅपन स्क्वेअर. त्याच्या एका बाजूला दुकानं, बाकी बाजूंना कॉलेजच्या इमारती. गावाची वस्ती आठ हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढीच म्हणा ना!

मैदानात शिरल्याबरोबर दोन गमती दिसल्या. एक म्हणजे पांढरी खार. सबंध पांढरी, कापसाच्या बोळ्यासारखी! या गावात अशा खारी आहेत आणि गावाला त्यांचा मोठा अभिमान आहे. दुसरी गंमत म्हणजे रंगवलेले मोठाले दगड. कुणीही विद्यार्थी रात्री रंगाचे डबे घेऊन येतो आणि दगड रंगवून जातो. कुणाचा वाढदिवस, कुणाचा निषेध, कुणाचं नुसतंच मोठं फूल. दोन दिवसांनी दुसरा येतो आणि त्यावर आपलं चित्र काढतो. "ओरडत नाहीत?" मी विचारलं. भाची हसली. "त्यासाठीच तर आहेत ते दगड, मावशी!"

आता हे कॉलेज कसलं ते सांगते. अशा कॉलेजांना 'लिबरल आर्ट्स कॉलेज' म्हणतात. त्यातल्या 'आर्ट्स' या शब्दानं फसू नका. आपल्याकडे दहावीनंतर आर्ट्स, कॉमर्स, सायन्स असे तीन रस्ते फुटतात, तसलं हे आर्ट्स नव्हे. इथे रसायनशास्त्र आहे, गणित आहे, इतिहास आहे, चित्रकला आहे आणि नाटकही आहे. विद्यार्थी एक मुख्य विषय घेतोच, पण त्याच्या बरोबरीनं इतर विषयांचीही चव घ्यावी अशी अपेक्षा असते. पदार्थविज्ञान शिकणारी मुलगी शिल्पकलेच्या वर्गात माती कालवताना दिसली तर कुणाला नवल वाटत नाही. कॉलेज लहान असतं. ओबर्लिनमध्ये सगळे मिळून तीन हजारांच्या आतच विद्यार्थी.

हे कॉलेज १८३३ साली सुरू झालं. अमेरिकेत तेव्हा गुलामगिरी होती. पण १८३५ मध्येच या कॉलेजनं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश द्यायचं ठरवलं. १८३७ मध्ये चार मुलींनी इथे पदवीच्या वर्गात नाव घातलं. मुलींनी मुलांच्या बरोबरीनं बसून पदवीचं शिक्षण घ्यायचं, ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती! आणि १८६२ साली मेरी जेन पॅटर्सन इथून पदवीधर झाली. अमेरिकेतली बी.ए. झालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून तिचं नाव घेतात. ज्याच्यासाठी इतरांची दारं बंद, त्याच्यासाठी आमचं दार उघडं, अशी या गावाची जुनी खोडच म्हणायची. ही खोड लक्षात ठेवा बरं का! पुढे तिचं काम आहे.

१८६५ साली इथे संगीताची शाळा निघाली. तिला 'कॉन्झर्व्हेटरी' म्हणतात. दोन वर्षांनी ती कॉलेजचाच भाग झाली. माझी भाची तिथे चेलो शिकत होती. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून वाजवायचा. आणि त्याच वेळी ती कॉलेजात जीवशास्त्रही शिकत होती! पाच वर्षांत दोन पदव्या घ्यायची सोय इथे आहे. "म्हणजे तू नक्की होणार कोण?" असं मी विचारलं. खास आपला प्रश्न! ती म्हणाली, "ते ठरेल गं. आत्ता दोन्ही हवंय."

तिनं मला सरावाच्या इमारतीत नेलं. लांबच लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या खोल्या. दीडशेच्या घरात आहेत म्हणे. बऱ्याचशा खोल्यांत पियानो, तेही स्टाइनवे या नावाजलेल्या बनावटीचे. सगळ्या शाळेत मिळून दोनशेहून अधिक स्टाइनवे आहेत! बोळातून चालताना प्रत्येक दारामागून वेगळा सूर येत होता. एका खोलीत कुणी एकच ओळ पुन्हापुन्हा घोटत होतं. दहा वेळा, वीस वेळा. आपल्याकडे नाही का गुरुजी एकच पलटा शंभरदा घोटायला लावतात? रियाज सगळीकडे सारखाच!

एका खोलीचं दार उघडं होतं. आत एक उंच मुलगा दोन काठ्या घेऊन ढोलावर ताल धरायचा प्रयत्न करत होता आणि सारखा चुकत होता. शेजारी त्याच्याच वयाची एक मुलगी त्याला शिकवत होती. भाची म्हणाली, "तो रसायनशास्त्राचा आहे. ती कॉन्झर्व्हेटरीतली. इथले आम्ही विद्यार्थी बाकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतो." मी पाहत राहिले. तो मुलगा चुकत होता आणि हसत होता. ना परीक्षा, ना ग्रेड, ना स्पर्धा. मला एकदम घरचा माळा आठवला.

इथे विद्यार्थ्यांचे वादनाचे आणि गायनाचे कितीतरी संच आहेत. मोठा वाद्यवृंद आहे, जाझचे संच आहेत, चार-पाच जणांचे छोटे संच आहेत. जे कॉन्झर्व्हेटरीत नाहीत, पण वाजवायला आवडतं, अशांचा वेगळा वाद्यवृंद आहे. जावा बेटावरच्या घंटा आणि थाळ्यांचा गॅमेलान आहे. जपानी ढोल आहेत. वेस्ट इंडीजमधले, तेलाच्या पिंपांपासून बनवलेले स्टील ड्रमही आहेत. १९६८ पासून इथे आणखी एक पद्धत आहे. ज्या विद्यार्थ्याला एखादी गोष्ट चांगली येते, त्यानं चक्क तिचा वर्ग काढायचा! शिकवणारा विद्यार्थी, शिकणारे विद्यार्थी, आणि कधीकधी गावातली माणसंही.

अशा संचातून काय निघतं त्याचं एक उदाहरण देते. १९९६ साली इथल्या सहा विद्यार्थ्यांनी मिळून 'एट्थ ब्लॅकबर्ड' नावाचा एक छोटा संच केला. कॉलेज संपलं, पण संच मोडला नाही. पुढे त्यांना ग्रॅमी पारितोषिकं मिळाली. आणि त्याच्याही आधीची एक हकिकत. १९५८ साली इथे एक फिल्म दाखवण्यात आली. तीत शेकडो चिमुकली जपानी मुलं एकत्र व्हायोलिन वाजवत होती. पाहणारे संगीतशिक्षक थक्क झाले. शिनिची सुझुकी यांची शिकवण्याची पद्धत अमेरिकेत पसरली, तिची सुरुवात त्या फिल्मपासून झाली असं मानतात.

"पण एकत्र वाजवण्यात एवढं विशेष काय?" मी भाचीला विचारलं. ती जरा विचार करून म्हणाली, "मावशी, एकटं वाजवताना मी अडखळले तर थांबते आणि पुन्हा सुरू करते. वाद्यवृंदात थांबता येत नाही. बाकीचे पुढे गेलेले असतात. धावत जाऊन गाडी पकडावी तसं त्यांना गाठावं लागतं. आणि दुसरं म्हणजे, गप्प बसायला शिकावं लागतं. मागे झांजा घेऊन उभा असतो ना, तो कधीकधी अर्धा तास नुसता मोजत उभा असतो. मग एकदाच झांज वाजवतो. पण ती तिथेच पडली पाहिजे!"

आपल्या भजनी मंडळातले टाळकरी, लेझमीचं पथक, गणपतीतलं ढोलपथक आठवून पाहा. तिथेही हेच नाही का?

संध्याकाळी ती मला फिनी चॅपलमध्ये घेऊन गेली. १९०८ सालची ही दगडी इमारत कॅस गिल्बर्ट नावाच्या मोठ्या वास्तुशिल्पकारानं बांधली. हजार-बाराशे माणसं बसतील एवढी मोठी. तिथे समूहगानाची तालीम चालली होती. या संचाचं नाव म्युझिकल युनियन. यात विद्यार्थी तर आहेतच, शिवाय गावातली माणसंही आहेत. माझ्या समोरच्या रांगेत पांढऱ्या केसांच्या एक आजी उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. आजींना पान सापडेना तेव्हा त्यानं बोट ठेवून ओळ दाखवली. थोड्या वेळानं तो सुरात चुकला तेव्हा आजींनी त्याच्या कोपराला हळूच ढोसलं! दीड तास ते दोघं असे एकमेकांना सांभाळत गात होते.

तालीम संपल्यावर बाकावर बसून भाचीनं मला एक गोष्ट सांगितली. रॉबर्ट नथॅनियल डेट नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा इथे शिकायला आला. पियानो आणि संगीतरचना हे दोन्ही विषय घेऊन १९०८ मध्ये तो पदवीधर झाला. इथे अशी दुहेरी पदवी घेणारा तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. पुढे तो मोठा संगीतकार झाला. त्यानं 'द ऑर्डरिंग ऑफ मोझेस' नावाची एक भव्य रचना केली. गायक, मोठा गायकवृंद आणि वाद्यवृंद मिळून सादर करायची. इजिप्तमधल्या गुलामगिरीतून आपल्या लोकांना सोडवून नेणाऱ्या मोझेसची ही कथा. त्यात डेटनं अमेरिकेतल्या गुलामांच्या भक्तिगीतांचे सूर गुंफले होते.

१९३७ च्या मे महिन्यात सिनसिनाटी शहरातल्या संगीत महोत्सवात ही रचना पहिल्यांदा सादर झाली. रेडिओवरून सगळ्या देशाला ती ऐकवली जात होती. आणि रचना संपायच्या आधीच प्रसारण बंद पडलं! निवेदकानं सांगितलं, पुढचे कार्यक्रम ठरलेले आहेत. पण कृष्णवर्णीय माणसाचं संगीत ऐकवता म्हणून श्रोत्यांनी तक्रारी केल्या आणि त्यामुळे ते थांबवलं, असं अनेकजण मानतात. महोत्सवातल्या श्रोत्यांनी रचना शेवटपर्यंत ऐकली. घरोघरी रेडिओला कान लावून बसलेल्यांना मात्र शेवट ऐकायला मिळालाच नाही.

"अर्धवट राहिलेलं गाणं फार त्रास देतं ना, मावशी?" ती म्हणाली. तिला काही माझ्या घरातली गोष्ट ठाऊक नव्हती. पण मला बोलता येईना.

आणि आता त्या चित्रांची हकिकत! बाहेर पडलो तेव्हा अंधार पडला होता. भाची म्हणाली, "चल, रांगेत माझी पथारी आहे." मी म्हटलं, "कसली रांग? सिनेमाची?" "चित्रांची!"

कॉलेजचं स्वतःचं कलासंग्रहालय आहे. ॲलन मेमोरियल आर्ट म्युझियम. हेही कॅस गिल्बर्टनंच बांधलेलं, १९१७ सालचं. आत जायला पैसे पडत नाहीत. बाहेरच्या हिरवळीवर विजेचा एक राक्षसी प्लग पडलेला आहे. आपण स्वयंपाकघरात मिक्सर लावतो तसला, पण माणसापेक्षा मोठा आणि अर्धा जमिनीत रुतलेला! क्लेस ओल्डनबर्ग या शिल्पकाराचं हे १९७० सालचं शिल्प.

या संग्रहालयात एलन जॉन्सन नावाच्या बाई होत्या. कलाविभागाच्या ग्रंथालयात त्यांनी नोकरी धरली आणि पुढे त्या प्राध्यापक झाल्या. त्यांना वाटायचं, चित्र पाच मिनिटं उभं राहून पाहायचं नसतं, त्याच्याबरोबर राहायचं असतं. सकाळी दात घासताना, अभ्यासाचा कंटाळा आल्यावर, रात्री झोप येत नसताना ते समोर असलं पाहिजे. मग त्यांनी १९४० साली एक योजना काढली. विद्यार्थ्यांनी ग्रंथालयातून पुस्तक न्यावं तसं संग्रहालयातून चित्र न्यावं. नाममात्र भाडं द्यायचं आणि सत्र संपलं की चित्र परत करायचं. मी गेले तेव्हा भाडं होतं एका चित्राला पाच डॉलर. म्हणजे तेव्हाचे साडेतीनशे रुपये! एकाला जास्तीत जास्त दोन चित्रं. आणि कोणाची चित्रं? पिकासो, शागाल, दाली, वॉरहॉल! या योजनेसाठी चारशेच्या वर कलाकृती वेगळ्या काढून ठेवल्या आहेत.

पण चित्र निवडायचा मान पहिल्या नंबराला पहिला. मग काय, आदल्या दिवशीपासूनच रांग! आपल्याकडे बालवाडीच्या अर्जासाठी आईबाबा रात्रभर रांग लावतात ना, तश्शी. फक्त इथे चित्रासाठी. कुणी तंबू ठोकला होता, कुणी चटया अंथरल्या होत्या. कुणी विजेरीच्या उजेडात गणितं सोडवत होतं. एक जण गिटार वाजवत होता आणि बाकीचे आपापल्या पांघरुणातून गात होते. भाचीचा नंबर साठाच्या पुढे होता. मी अकरापर्यंत तिथे बसले, गवतावर, शाल गुंडाळून.

"चोरीला नाही जात? फाटत नाही?" मी शेवटी विचारलंच. आईच्या काळजाचा प्रश्न!

"इतक्या वर्षांत अगदी क्वचित काही झालंय म्हणतात," ती म्हणाली. "एकदा तुमच्या हातात कुणी एवढी मोलाची वस्तू दिली ना, की माणूस आपोआप सावध होतो."

सकाळी दारं उघडली. पहिले नंबर धावत आत गेले. थोड्याच वेळात एकेक जण चित्र घेऊन बाहेर यायला लागला. काय दृश्य होतं ते! केस विस्कटलेले, डोळे झोपेनं जड, पायात सपाता, आणि दोन्ही हातांत छातीशी धरलेलं चित्र. लहान बाळाला उचलून नेतात तसं. एक मुलगा तर रस्ता ओलांडताना चित्राकडे एकदा आणि मोटारींकडे चार वेळा बघत होता!

माझ्या भाचीच्या वाट्याला काही पिकासो आला नाही. तो पहिल्या दहातच संपला. तिनं एका अनोळखी चित्रकाराचं छोटंसं काळंपांढरं चित्र निवडलं. पाऊस पडतो आहे आणि एक बाई खिडकी लावते आहे. आम्ही ते तिच्या खोलीत, ऊन लागणार नाही अशा भिंतीवर टांगलं. मला त्यात विशेष काही दिसलं नाही. तसं मी म्हणालेही. ती म्हणाली, "मलाही अजून दिसलेलं नाही. डिसेंबरपर्यंत दिसेल!"

आता हे सगळं वाचून तुमचे आईबाबा विचारतील, "आणि फी किती?" तोही प्रश्न मी विचारला. तेव्हा राहण्या-जेवण्यासकट वर्षाचा खर्च सत्तर हजार डॉलरच्या आसपास होता. ऐकून मला घेरीच यायची! गरजेप्रमाणे कॉलेज आर्थिक मदत करतं आणि भाचीलाही ती मिळाली होती. तरी बहिणीच्या घरी काटकसर चालूच होती. भाची स्वतःच म्हणाली, "पाच डॉलरचं चित्र बघून खूश होताना ते सत्तर हजार विसरू नकोस, मावशी. आणि चेलो शिकलेल्या प्रत्येकाला चेलो वाजवून पोट भरता येतं असंही नाही." म्हणून हे वाचून कुणी उगाच परदेशाची स्वप्नं बघावीत असं मला अजिबात म्हणायचं नाही.

पण विमानात परत येताना मी एक हिशेब करत होते. तिथली कोणती गोष्ट फार महाग होती आणि कोणती स्वस्त? दोनशे पियानो महाग. दगडी सभागृह महाग. पण रसायनशास्त्राच्या मुलानं चुकत चुकत ढोल वाजवायचा, याला काय पैसे लागतात? आजींनी आणि मुलानं शेजारी उभं राहून गायचं, याला? मुलांच्या हातात मोलाची वस्तू द्यायची आणि "सांभाळशील ना?" एवढंच म्हणायचं, याला? मी माझ्या मुलाला काय म्हणाले होते? "एक वर्षाचा तर प्रश्न आहे." त्याला अभ्यास आणि तबला दोन्ही सांभाळता येईल की नाही, हे मी त्याला विचारलंसुद्धा नव्हतं.

याच गावातल्या एका मुलाची गोष्ट भाचीनं निरोप देताना सांगितली होती. चार्ल्स मार्टिन हॉल त्याचं नाव. १८८५ मध्ये तो या कॉलेजातून पदवीधर झाला आणि पुढच्याच वर्षी, १८८६ च्या फेब्रुवारीत, घरामागच्या लाकडाच्या शेडमध्ये प्रयोग करताकरता त्यानं विजेच्या साहाय्यानं ॲल्युमिनियम वेगळं करायची स्वस्त रीत शोधून काढली. फ्रान्समध्ये पॉल एरू यानंही त्याच वर्षी तीच रीत शोधली. तोवर चांदीसारखी मिरवणारी ही धातू त्यामुळे घरोघरी आली. तुमच्या आजीच्या स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं आठवा! तर हा शास्त्रज्ञ पियानो वाजवायचा. त्यानं आपल्या संपत्तीचा मोठा वाटा कॉलेजला दिला आणि आईच्या नावानं एक प्रेक्षागृह बांधावं म्हणून पैसे ठेवले. ते आज तिथे उभं आहे. नाटकं होतात त्यात.

घरी पोचले. बॅगा तशाच ठेवल्या आणि आधी स्टूल घेतलं. मुलगा बघतच राहिला. तबला-डग्गा खाली काढला. गवसणीवर धूळ साचली होती. मी म्हणाले, "दोन्ही सांभाळशील का? तूच सांग." तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रोज अर्धा तास. आणि प्रिलिमच्या आधी पंधरा दिवस बंद. ते मीच ठरवणार." ठरलं!

दहावीला त्याला किती टक्के मिळाले ते मी इथे सांगणार नाही. कारण तबला वाजवल्यानं टक्के वाढतात असं सिद्ध करायला मी हे लिहिलेलं नाही. वाढतही नसतील. तो पुढे इंजिनिअरिंगला गेला. आता त्याच्या बोटांना पूर्वीची सफाई राहिलेली नाही, हे तोच सांगतो. पण शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीतल्या भजनाला साथीला तोच बसतो. शेजारच्या जोशी आजी ठेका चुकला की त्याच्याकडे डोळे मोठे करून बघतात!

एक राहिलंच. २०२३ च्या जानेवारीत भाचीचा फोन आला. तोवर तिचं शिक्षण संपलं होतं, पण त्या रात्री ती मुद्दाम न्यूयॉर्कला गेली होती. तिथल्या कार्नेगी हॉल या जगप्रसिद्ध सभागृहात ओबर्लिनच्या विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदानं आणि गायकांनी कार्यक्रम केला. त्यात काय सादर केलं असेल? डेटचं 'द ऑर्डरिंग ऑफ मोझेस'! १९३७ मध्ये रेडिओवर अर्ध्यातच तोडलेली ती रचना, तिच्या संगीतकाराच्याच कॉलेजातल्या मुलामुलींनी, शेवटच्या सुरापर्यंत.

"पूर्ण झालं गं, मावशी," ती फोनवर म्हणाली. मागे टाळ्यांचा आवाज येत होता.

मुलांनो, तुमच्या घरच्या माळ्यावर काय ठेवलंय? पेटी, रंगांची पेटी की घुंगरं? एकदा स्टूल घेऊन बघा. आणि आईबाबांना हा लेख दाखवा. त्यांच्याही लहानपणीचं काहीतरी तिथेच, मागच्या कोपऱ्यात, धूळ खात पडलेलं असेल!